एडिसनचे जोडपे, सांगलीची मुंज आणि एप्रिलपर्यंत थांबलेला अर्ज

फेब्रुवारी २०२५. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारे मराठी जोडपे. तो एच-१बी व्हिसावर, ती एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, पण काम करण्याच्या परवान्यासह. दोघांचे पगार सुरू, मूल नाही. वर्षभराने, ५ फेब्रुवारी २०२६ च्या आसपास, सांगलीला पुतण्याच्या मुंजीसाठी निघायचे आहे. मुंबईपर्यंतची दोन तिकिटे पॉइंटांवर काढता येतील का, म्हणून दोघांच्या नावे चेस बँकेचे एकेक सफायर प्रिफर्ड क्रेडिट कार्ड घ्यायचे ठरत होते. वार्षिक फी ९५ डॉलर, पहिल्या वर्षीही माफ नाही. नव्या कार्डावर ठरलेल्या मुदतीत ठरलेला खर्च केला की मिळणारा बोनस त्या वेळी ६० हजार पॉइंट. आत्ता अर्ज करायचा की मोठ्या ऑफरची वाट पाहायची, एवढाच प्रश्न होता.

हे घर नमुन्यादाखल उभे केले आहे, त्यांचे खर्चाचे आकडेही तसेच. बँकेच्या ऑफरी, तारखा आणि नियम मात्र त्या काळातले खरे आहेत.

"बोनस वाढला की अर्ज" हे उत्तर ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात तीन गोष्टी एका आठवड्यात जुळून याव्या लागतात: बँकेची ऑफर, अर्जदाराची पात्रता, आणि ठरलेल्या मुदतीत नेमून दिलेला खर्च करण्याची घरातली ऐपत. पहिली गोष्ट आपल्या हातात नसते, उरलेल्या दोन असतात. लोकांचे लक्ष नेमके पहिलीवर खिळलेले असते. या प्रकरणात वाट पाहणे फायद्याचे ठरले ते ऑफरचा अंदाज बरोबर आला म्हणून नव्हे. दुसऱ्या दोन गोष्टींनी एप्रिलच सांगितला होता.

पाच-चोवीसचा हिशेब

गेल्या २४ महिन्यांत कोणत्याही बँकेची मिळून पाच किंवा जास्त नवी कार्डे तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसत असतील, तर चेस बहुतेक कार्डांचा अर्ज नाकारते. पगार कितीही असो, स्कोअर ८०० असो. हा पाच-चोवीसचा नियम बँक अर्जावर छापत नाही. तो कळतो तो नकाराच्या पत्रातून, आणि तोवर हार्ड पुल (अर्जापायी बँकेने रिपोर्ट तपासल्याची नोंद) होऊन गेलेला असतो.

नवऱ्याचा रिपोर्ट काढला तेव्हा अशी यादी निघाली. मार्च २०२३ मध्ये (तारीख १८) विमानतळावरच्या टेबलाशी भरलेले एका एअरलाइनचे कार्ड. ऑगस्ट २०२३ मध्ये एक कॅशबॅक कार्ड. डिसेंबर २०२३ मध्ये टीव्ही घेताना दुकानात काढलेले, व्हिसाचा शिक्का असलेले कार्ड. जून २०२४ मध्ये आणखी एक. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बायकोने आपल्या नव्या कार्डावर त्याला ऑथराइज्ड यूझर म्हणून जोडले होते, ते पाचवे.

हे पाचवे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. कार्ड बायकोचे, बिल बायको भरते, पण रिपोर्टवर नवऱ्याच्याही नावापुढे खाते दिसते आणि बँकेचा संगणक ते मोजतो. नकारानंतर फोन करून "हे खाते माझे नाही, मी फक्त जोडलेला आहे" असे सांगितले तर माणूस ते वगळू शकतो. पण नकार ओढवून घेऊन मग भांडण्यापेक्षा महिनाभर थांबणे बरे. घरात दोघेही कार्डे घेणार असतील तर एकमेकांना जोडू नये, हे त्याहून बरे.

फेब्रुवारीत नवरा पाचावर, म्हणजे दार बंद. मार्च २०२३ चे कार्ड १८ मार्च २०२५ ला २४ महिने ओलांडणार. तरी १९ मार्चला अर्ज करू नये. मोजणी महिन्याने होते असे धरून पुढच्या महिन्याची पहिली तारीख उजाडू द्यावी, हा जाणकारांचा जुना रिवाज आहे. म्हणजे त्याच्यासाठी १ एप्रिल २०२५. बायकोच्या नावावर २४ महिन्यांत दोनच कार्डे, ती केव्हाही मोकळी.

आणखी एक दार तपासायचे होते. त्या वेळी सफायर घराण्यातले कुठलेही कार्ड हातात असेल, किंवा मागच्या ४८ महिन्यांत त्याचा बोनस घेतला असेल, तर नवा बोनस नाही, असा नियम होता. दोघांकडेही सफायर कधीच नव्हते.

इथे अमेरिकन मंडळी सर्रास देतात तो एक सल्ला या घराला लागू पडत नाही. "पाच-चोवीस वाचवायचे असेल तर बिझनेस कार्डे घ्या, ती वैयक्तिक रिपोर्टवर येत नाहीत." बहुतेक बँकांच्या बाबतीत हे खरे आहे. पण एच-१बीवरच्या माणसाला आपल्या नोकरीबाहेर धंदा करता येत नाही. अर्जावर नसलेला धंदा लिहिणे हे बँकेशी खोटे बोलणे, आणि असलेला लिहिणे म्हणजे इमिग्रेशनपुढे स्वतःविरुद्ध कागद तयार करणे. एच-४ वर कामाचा परवाना असलेल्या जोडीदाराला स्वतःचा छोटा व्यवसाय करता येतो. इथे बायकोचा तसा काही नव्हता, म्हणून तो विषय तिथेच संपला.

मुंजीपासून मागे मोजत

प्रवास ५ फेब्रुवारी २०२६ ला. पॉइंटांवरच्या जागा एकाच विमानात दोन हव्यात, तर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपर्यंत तिकीट काढलेले बरे. म्हणजे ऑगस्ट संपण्याआधी पॉइंट खात्यात हवेत. बोनसचे पॉइंट खर्चाचा आकडा गाठल्यावर लगेच पडत नाहीत. ज्या स्टेटमेंटच्या मुदतीत तो आकडा गाठला ते स्टेटमेंट बंद झाले की दिसतात. त्यासाठी जास्तीत जास्त महिना धरावा. म्हणजे खर्च जुलैअखेर पुरा. खर्चाला तीन महिने. म्हणजे अर्ज एप्रिलच्या अखेरीस, फार तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात.

तर थांबायला शेवटची तारीख मिळाली. ऑफर वाढो न वाढो, ३० एप्रिलला बायकोचा अर्ज जायचा होता, जो बोनस असेल त्यावर. अशी तारीख न ठरवता थांबणाऱ्यांचे ठरावीक होते: ७५ हजार आले तर एक लाखाची वाट पाहतात, एक लाख आले तर वर आणखी काही मिळेल का ते शोधतात, आणि शेवटी प्रवासाची तिकिटे रोख पैशांनी काढतात.

फेब्रुवारीत बायकोने ६० हजारांवर अर्ज करून टाकायला काय हरकत होती? हरकत नव्हती, पण घाईचे कारणही नव्हते. तिने फेब्रुवारीत कार्ड घेतले असते तर तीन महिन्यांत घरातला साधा खर्च तिच्या कार्डावर संपला असता. वर्षातली मोठी बिले एप्रिलनंतर येत होती. नवरा तर एप्रिलपर्यंत अपात्रच. आणि मागचा इतिहास थांबणाऱ्याच्या बाजूने होता. याच कार्डावर २०२१ च्या उन्हाळ्यात १ लाख पॉइंट होते, ४ हजार डॉलर खर्चावर. २०२३ च्या वसंतात ८० हजार. २०२४ च्या वसंतात ७५ हजार. दरवर्षी येईलच असे नाही, पण ६० हजार ही तेव्हाची तळाची पातळी होती आणि वाढ झालीच तर बहुधा वसंत-उन्हाळ्यात होते, एवढे यातून दिसते. दोन महिने थांबण्याची किंमत शून्य होती, आणि थांबून मिळालेच तर १५ ते ४० हजार पॉइंट. असा सौदा दिसला की थांबावे. मोठे बिल पुढच्या आठवड्यात भरायचे असते, तर उत्तर उलटे आले असते.

अमेरिकन एक्स्प्रेसच्या कार्डांबाबत ही कसोटी जास्त कडक लावावी. तिथे एका कार्डाचा बोनस साधारणपणे आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणून तळाच्या ऑफरवर घेतलेले कार्ड कायमचे खर्ची पडते.

१० एप्रिल ते ९ मे

१० एप्रिल २०२५ ला चेसने ऑफर बदलली: १ लाख पॉइंट, तीन महिन्यांत ५ हजार डॉलर खर्च केल्यावर. बायकोचा अर्ज शनिवारी, १२ एप्रिलला गेला आणि लगेच मंजूर झाला.

नवऱ्याचा अर्ज मात्र त्याच दिवशी पाठवला नाही, आणि या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. दोन कार्डे एकाच दिवशी घेतली तर १२ जुलैपर्यंत १० हजार डॉलर खर्च दाखवायचा. या घराचा कार्डावर भरता येण्याजोगा महिन्याचा खर्च २,२०० डॉलर (किराणा, पेट्रोल, फोन, इंटरनेट, बाहेरचे जेवण, औषधे). घरभाडे यात धरलेले नाही, कारण घरमालक चेकनेच घेतो. तीन महिन्यांचे ६,६०० डॉलर. त्यात सहामाही कार विमा १,२६० डॉलर घातला तरी ७,८६०. दहा हजारांना २,१४० कमी.

दुसरा अर्ज चार आठवडे मागे ढकलला की खिडकी तीनऐवजी जवळपास चार महिन्यांची होते. धोका एकच: तोवर ऑफर गेली तर? "मर्यादित काळासाठी" एवढेच लिहिलेले होते. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या कार्डाचा बराच खर्च होईपर्यंत थांबायचे, पण शेवटची तारीख जाहीर होताच, हिशेब जुळो न जुळो, अर्ज टाकायचा. ऑफर १५ मे रोजी बंद झाली. नवऱ्याचा अर्ज ८ मेला गेला होता.

तो अर्ज बायकोच्या रेफरल लिंकवरून केला. कार्डधारकाने दुसऱ्याला पाठवलेल्या लिंकवरून कार्ड मंजूर झाले तर पाठवणाऱ्यालाही पॉइंट मिळतात. किती, ते खात्यात लॉगइन केल्यावर दिसते. दोन गोष्टी तपासाव्यात. लिंक उघडल्यावर पानावर तोच मोठा बोनस लिहिलेला आहे ना, कारण रेफरलची ऑफर कधी कधी जुनी, लहान असते. आणि दुसरे, खर्च करून मिळालेला बोनस करपात्र मानला जात नाही, तो एक प्रकारची सूट समजतात. रेफरलचे पॉइंट मात्र उत्पन्न म्हणून १०९९ फॉर्मवर (कर खात्याला उत्पन्न कळवणाऱ्या कागदावर) येऊ शकतात.

अर्ज अडकला तो कशाने

८ मेला नवऱ्याच्या पडद्यावर मंजुरी आली नाही, "निर्णय नंतर कळवू" असे आले. कारण साधे होते. एका डेटाचोरीच्या बातमीनंतर त्याने तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे आपले रिपोर्ट फ्रीझ करून (नव्या अर्जासाठी कोणाला पाहता येऊ नयेत असे बंद करून) ठेवले होते आणि विसरून गेला होता. २०१८ पासून फ्रीझ करणे आणि उठवणे कायद्याने फुकट आहे, म्हणून अनेकांनी ते केलेले असते. चेस बहुधा एक्स्पीरियनचा रिपोर्ट काढते, पण राज्य आणि अर्जदारानुसार दुसऱ्या ब्युरोकडेही जाते, म्हणून अर्जाच्या आदल्या दिवशी तिन्ही ठिकाणचे फ्रीझ दोन-तीन दिवसांपुरते उठवावेत. त्याने ९ मेला फ्रीझ उठवून बँकेच्या पुनर्विचार विभागाला फोन केला आणि त्याच फोनवर मंजुरी मिळाली. नवा अर्ज भरला असता तर दुसरा हार्ड पुल झाला असता. अडकलेल्या अर्जावर फोनच करायचा असतो.

मराठी माणसांच्या अर्जात अडकण्याची दुसरी जागा म्हणजे नाव. पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे, पूर्ण. सोशल सिक्युरिटी कार्डावर तेच. पण पहिल्या बँकेने खाते उघडताना फक्त आद्याक्षर घेतलेले, आणि क्रेडिट रिपोर्टवर तेच चढलेले. लग्नानंतर बायकोने नाव बदलले असेल तर अर्धे कागद माहेरच्या नावाने. अर्जावर सोशल सिक्युरिटी कार्डावरचे नाव घालावे आणि पत्ता रिपोर्टवर आहे तसाच, अपार्टमेंट नंबरासकट. नाहीतर ओळख पटवणारी कागदपत्रे मागणारे पत्र टपालाने येते, आणि दोन आठवडे त्यात जातात.

उत्पन्नाच्या रकान्याबद्दल एक. वय २१ किंवा जास्त असेल तर ज्यावर आपला रास्त हक्क चालतो असे घरातले उत्पन्नही धरता येते. २०१३ च्या नियमबदलाने हे स्पष्ट झाले. या घरात दोघांचे पगार आहेत, पण जोडीदार घरी असलेल्या कुटुंबांना हे ठाऊक असायला हवे. कामाचा परवाना नसलेल्या जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो. आयटीआयएन (त्याऐवजी कर भरण्यासाठी मिळणारा नंबर) घेऊन चेसकडे अर्ज करता येतो.

नुकतेच भारतातून आलेल्यांनी मात्र सफायरच्या बोनसचे वेळापत्रक आखायला घेऊ नये. रिपोर्टवर किमान वर्षभराचा इतिहास नसेल तर चेसकडून नकाराचीच शक्यता जास्त. अमेरिकन एक्स्प्रेस नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत भारतातला क्रेडिट इतिहास पाहू शकते, पुण्या-मुंबईत कार्ड नीट वापरलेले असेल तर सुरुवात तिथून होऊ शकते.

पाच हजार, दोनदा

मुदत मोजली जाते खाते उघडल्याच्या तारखेपासून, कार्ड टपालात हाती पडल्यापासून नव्हे. बायकोची मुदत १२ जुलै, नवऱ्याची ९ ऑगस्ट. दोघांनीही स्वतःसाठी पाच दिवस अलीकडची तारीख धरली, कारण शेवटच्या दिवशी केलेली खरेदी दुकानदाराकडून नोंदायला दोन-तीन दिवस लागू शकतात.

पहिल्या महिन्यात, १२ एप्रिल ते ११ मे, बायकोच्या कार्डावर नेहमीचे २,२०० आणि कार विम्याचे १,२६०, मिळून ३,४६० डॉलर. विम्याचे हप्ते महिन्याला भरण्याची सवय होती, ती मोडून सहा महिन्यांचा एकदम भरला. अनेक कंपन्या एकरकमी भरण्यावर थोडी सूटही देतात. ४ जूनपर्यंत तिचा आकडा ५,२०० वर गेला. वरचे २०० मुद्दाम ठेवलेले. वार्षिक फीचे ९५ डॉलर या आकड्यात मोजत नाहीत. व्याज, एटीएममधून उचललेली रोकड, बॅलन्स ट्रान्सफर हेही नाही. स्टेटमेंटवर एकूण ५,०२० दिसते आणि प्रत्यक्षात ४,९२५ च झालेले असतात, अशी चूक फार जणांची होते.

५ जूनपासून खर्च नवऱ्याच्या कार्डावर वळवला. तेव्हापासून ११ जूनपर्यंत ४६०, पुढच्या महिन्यात २,२००.

आणि मग परतीचा माल. जूनच्या २० तारखेला खिडकीतला एसी दुकानाला परत दिला, ३१० डॉलर बायकोच्या कार्डावर जमा झाले. ५,२०० चे ४,८९० झाले. बोनस तिच्या खात्यात तोवर पडलेलाही होता, पण मुदत संपायची होती. निव्वळ खरेदी आकड्याखाली राहिली तर दिलेला बोनस परत काढून घेण्याचा हक्क बँकेच्या अटींत असतो. म्हणून जूनअखेर किराण्याचे १५० डॉलर पुन्हा तिच्या कार्डावर घातले आणि आकडा ५,०४० केला. २०० ची उशी कमी पडली, हे उघड आहे. घरात एसी, फ्रीज, गादी असे परत जाऊ शकणारे काही त्या तीन महिन्यांत घेतले असेल, तर उशी त्या वस्तूच्या किमतीएवढी हवी. किंवा ती वस्तू जुन्याच कार्डावर घ्यावी.

नवऱ्याच्या बाजूने हिशेब आता असा: ४६० अधिक २,२०० वजा १५०, म्हणजे ११ जुलैपर्यंत २,५१०. त्यानंतर ८ ऑगस्टपर्यंतचे २८ दिवस, रोजचे सरासरी ७३ डॉलर धरून सुमारे २,०५०. एकूण ४,५६०. पाच हजारांना सुमारे ४४० कमी. नुसत्या घरखर्चावर सोडले असते तर एक लाख पॉइंट ४४० डॉलरसाठी गेले असते.

ते आधीच दिसले होते म्हणून जूनचा आगाऊ कर कार्डाने भरायचे ठरले होते. भाड्याने दिलेल्या जागेमुळे, शेअर विकल्यामुळे किंवा भारतातल्या ठेवींच्या व्याजामुळे ज्यांना तिमाही अंदाजित कर भरावा लागतो, त्यांच्यासाठी ही सर्वांत स्वच्छ वाट आहे. मुदती १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी. २०२५ मध्ये १५ जून रविवारी आला म्हणून १६ जून. आयआरएस (अमेरिकेचे कर खाते) स्वतः कार्ड घेत नाही, तिने मान्यता दिलेल्या कंपन्या घेतात आणि २०२५ मध्ये वैयक्तिक क्रेडिट कार्डावर त्यांचा आकार पावणेदोन टक्क्यांच्या आसपास होता. १,००० डॉलरवर १७ डॉलर ५० सेंट. हा कर कसाही भरायचाच होता, त्यामुळे खरा खर्च साडेसतरा डॉलर. तो धरून ११ जुलैचा आकडा ३,५१० झाला आणि ३१ जुलैच्या सुमारास पाच हजार ओलांडले. मुदतीला नऊ दिवस शिल्लक.

न्यू जर्सीत स्वतःचे घर असलेल्यांना प्रॉपर्टी टॅक्सचा मोह होतो. त्याच्या मुदती १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. रक्कम मोठी, एका फटक्यात काम होते. पण नगरपालिकांचा कार्डावरचा आकार बहुधा तीन टक्क्यांच्या घरात असतो. बोनस हातचा जाणार असेल तर उरलेल्या रकमेपुरता तेवढाही परवडतो. बोनस झाल्यावर मात्र एका पॉइंटासाठी तीन सेंट मोजण्यात अर्थ नाही.

गिफ्ट कार्डांचे गठ्ठे घेऊन आकडा पुरा करण्याच्या फंदात पडू नये. आणि थकबाकी ठेवून आकडा पुरा करणे हे तर हिशेबातच बसत नाही: वार्षिक २४ टक्के दराने ५ हजारांवर महिन्याला १०० डॉलर व्याज. चार-पाच महिन्यांत बोनसमधला साधारण तिसरा हिस्सा त्यातच जिरतो. कार्ड हाती आले त्याच दिवशी पूर्ण स्टेटमेंट बॅलन्सचे ऑटोपे लावावे, किमान रकमेचे नव्हे. पर्यायांत किमान रक्कमही तिथेच असते.

दोन लाख पॉइंट आले, पुढे

नवऱ्याचा बोनस ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पडला. दोघांचे मिळून २ लाख, शिवाय खर्चावरचे दहा हजारांच्या वर आणि रेफरलचे. चेसमध्ये एकाच घरातल्या एका व्यक्तीकडे पॉइंट वळवता येतात, म्हणून सगळे बायकोच्या खात्यात आणले.

आता दोन वाटा. एक, बँकेच्या प्रवास पोर्टलवर दर पॉइंटाला सव्वा सेंट. २ लाखांचे २,५०० डॉलर. हा स्थिर दर २३ जून २०२५ पासूनच्या नव्या अर्जदारांसाठी बंद झाला. त्याआधी अर्ज केलेल्यांना, २६ ऑक्टोबर २०२५ पूर्वी मिळवलेल्या पॉइंटांवर तो २६ ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळतो. या दोघांचे बोनस त्यात बसतात. दुसरी वाट, एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूसारख्या एअरलाइनच्या मैल-कार्यक्रमात एकास एक वळवणे. पॅरिस किंवा अॅमस्टरडॅमवरून मुंबई त्यात येते. ब्रिटिश एअरवेजकडेही वळवता येतात, पण लंडनवरून जाणाऱ्या तिकिटावर अधिभार इतका बसतो की "फुकट" तिकिटाचे कौतुक तिथेच ओसरते.

कुठली वाट, ते एका वजाबाकी-भागाकाराने ठरते. समजा परतीच्या तिकिटाचा रोख भाव १,१५० डॉलर आहे आणि पॉइंटांवर ते ६० हजार अधिक २४० डॉलर कर असे दिसते. १,१५० वजा २४०, भागिले ६० हजार: दीड सेंटाच्या वर. वळवावे. तेच रोख भाव ९५० वर आला तर भागाकार १.१८ येतो, मग पोर्टलवरून घ्यावे, त्यावर एअरलाइनचे मैलही मिळतात. फेब्रुवारी हा भारताच्या प्रवासाचा गर्दीचा महिना नाही, त्यामुळे हा दुसरा प्रसंग येण्याची शक्यता खरीच असते. डिसेंबरच्या सुट्टीत जाणाऱ्यांना बहुधा पहिलाच दिसेल, पण तिथे दोन जागा सापडणे कठीण.

जागा पडद्यावर दिसल्याशिवाय पॉइंट वळवू नयेत. वळवलेले परत येत नाहीत. अधूनमधून एखाद्या कार्यक्रमात वळवण्यावर २०–३० टक्के जादा मिळतात, त्या मोहात पॉइंट आधीच नेऊन ठेवलेले आणि नंतर दर वाढलेले, अशी माणसे बरीच भेटतील.

वेळ साधल्याचा फायदा आकड्यात: ६० हजारांच्या दोन कार्डांचे पोर्टलच्या दराने १,५०० डॉलर झाले असते, एक-एक लाखाचे २,५००. दोन्ही फिया १९० आणि कराचा आकार १७.५० वजा जाता हाती २,२९२ डॉलर ५० सेंट.

जूनमध्ये बँकेने सफायर रिझर्व्ह या त्याच घराण्यातल्या महागड्या कार्डाची फी ७९५ डॉलरवर नेली, त्यावर मोठी ऑफर आणली आणि ४८ महिन्यांचा जुना नियम बदलून प्रत्येक कार्डापुरता वेगळा केला. तेव्हा "थोडे आणखी थांबायला हवे होते" असे म्हणणारे निघाले. ज्याला वर्षभर लाउंज, हॉटेले आणि त्या कार्डाच्या डझनभर सवलती वापरायच्या आहेत त्याचे ठीक. वर्षातून एकदा सांगलीला जाणाऱ्या जोडप्याने दुपटी-तिपटीहूनही जास्त, आठपट फीच्या मागे लागण्यात काही राम नव्हता.

वहीतल्या पुढच्या तारखा

हार्ड पुल रिपोर्टवर दोन वर्षे दिसतो, स्कोअरवर त्याचा परिणाम वर्षभरच राहतो. या दोघांना २०२६ च्या शरदात घर घ्यायचे डोक्यात आहे, म्हणून २०२६ च्या सुरुवातीपासून कर्ज बंद होईपर्यंत एकही अर्ज नाही.

पाच-चोवीसमध्ये नवरा मे २०२५ च्या कार्डाने पुन्हा पाचावर गेला. ऑगस्ट २०२३ चे कार्ड गळाल्यावर १ सप्टेंबर २०२५ ला चारावर येतो. बायको तिनावर.

एप्रिल २०२६ मध्ये बायकोच्या कार्डाची दुसरी फी लागेल, मे मध्ये नवऱ्याची. वर्ष व्हायच्या आत कार्ड बंद केले तर बँकेच्या नजरेत येते आणि बोनस परत जाण्याचा धोका राहतो. वर्ष झाल्यावर नवऱ्याचे कार्ड फी नसलेल्या फ्रीडम कार्डात बदलून घ्यायचे; खाते तेच राहते, नवा हार्ड पुल नाही. फ्रीडमवरचे पॉइंट थेट एअरलाइनकडे वळवता येत नाहीत, पण बायकोच्या सफायरमध्ये ढकलून तिथून वळवता येतात. म्हणून दोघांपैकी एकाचे सफायर चालू ठेवायचे आणि ९५ डॉलर एकदाच भरायचे. बदलाचा फोन फी स्टेटमेंटवर दिसल्यापासून ३० दिवसांच्या आत. नवऱ्याच्या फोनमध्ये त्यासाठी १२ मे २०२६ चा गजर लावून ठेवला आहे.